आयआरसीच्या चॅट रूममध्ये जायचंय? सुरुवात अशी करा

लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं लिनक्स, टाकलं, सगळं नीट बसलं, फक्त वायफाय दिसेना. ग्रुपवर विचारलं तर दोघांनी नुसते हात जोडले, तिसरा म्हणाला, "भावा, विंडोजच टाक की." सांगली-मिरजेत कॉम्प्युटर शिकणाऱ्या बहुतेक पोरांना हा अनुभव नवा नाही. गंमत अशी, की ज्यांना त्या अडचणीचं उत्तर ठाऊक असतं ती माणसं रोज एका जुन्या चॅट रूमच्या व्यवस्थेत बसलेली असतात आणि अनोळखी माणसालाही फुकट मदत करतात. या व्यवस्थेचं नाव आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट. तिथे पोचणं फार अवघड नाही. पोचल्यावर वागायचं कसं हे कोणी सांगत नाही, म्हणून बरेच जण पाच मिनिटांत परत फिरतात. त्यामुळे या लेखात प्रोग्रामबद्दल जेवढं लिहिलंय, तेवढंच रीतीभातीबद्दलही आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात सगळ्या आज्ञा आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना मात्र ते इंग्रजी कीबोर्डवर, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. '/' आणि '#' ही चिन्हं आहेत तशीच द्यायची.

हे नेमकं आहे काय

फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी लिहिलं. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या बातम्या लोक यावर मिनिटामिनिटाला एकमेकांना कळवत होते. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे ही व्यवस्था आपल्या इंटरनेटपेक्षाही जुनी. तरी अजून चालू आहे, कारण तिच्यात मोडण्यासारखं फारसं काही नाही. सगळा मामला साध्या मजकुराचा. चित्रं नाहीत, निळ्या टिका नाहीत, फोन नंबर द्यायचा नाही. नेट अगदी रडतखडत चालत असलं तरी हे चालतं. पाटण-जावळीच्या डोंगरात एक काडी रेंज असली तरी काम भागतं.

चार शब्द पक्के करा, बाकी आपोआप कळेल. तुमच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम तो क्लायंट. तो ज्याला जोडला जातो तो सर्व्हर. एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांचा समूह म्हणजे नेटवर्क. आणि त्या नेटवर्कवरच्या ज्या खोलीत गप्पा चालतात ते चॅनेल. चॅनेलचं नाव '#' ने सुरू होतं.

नेटवर्कं पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत. एकावर घेतलेलं टोपणनाव दुसऱ्यावर तुमचं नसतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा सगळ्यात मोठा अड्डा आज लिबेरा चॅट हा आहे. आधी ही गर्दी फ्रीनोडवर असायची. मे २०२१ मध्ये तिथल्या मालकीवरून वाद झाला, चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभं केलं. जुन्या लेखांत फ्रीनोडचा पत्ता दिसला तर तो सोडून द्या. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावाले मात्र ओएफटीसी नावाच्या वेगळ्या नेटवर्कवर असतात. हा लेख लिबेराला धरून आहे.

प्रोग्राम कुठला घ्यायचा

पहिल्या दिवशी काहीच घेऊ नका. ब्राउझरमध्ये 'वेब डॉट लिबेरा डॉट चॅट' उघडा, टोपणनाव टाका, चॅनेलचं नाव टाका आणि आत जा. बोलू नका, नुसतं बघा. आपल्याला हे झेपतंय का, आवडतंय का, ते तासाभरात कळतं. टॅब बंद केला की तुम्ही बाहेर पडता, एवढंच लक्षात ठेवा.

जमतंय असं वाटलं तर मग प्रोग्राम. लिनक्सवर आणि विंडोजवर हेक्सचॅट समजायला सगळ्यात सोपा. त्याची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि करणाऱ्यांनी काम थांबवल्याचं जाहीर केलं, त्यामुळे पुढे कधीतरी दुसरं काही घ्यावं लागेल. शिकायला मात्र आजही चांगला आहे आणि पुढचे टप्पे मी त्याच्याच खिडक्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर कॉन्व्हर्सेशन आहे. मेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्याच्यातच आयआरसीची सोय आहे, वेगळं काही टाकायलाच नको. विंडोजवरचं एमआयआरसी १९९५ पासूनचं नावाजलेलं, पण ते विकत घ्यायचं असतं, फुकट फक्त काही दिवस वापरून बघता येतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत राहणाऱ्यांचे लाडके म्हणजे वीचॅट (त्या नावाचं चिनी ॲप नव्हे) आणि आयआरएसएसआय. त्यांच्या नादी नंतर लागा.

फोनवर गोगुमा किंवा रिव्होल्युशन आयआरसी चालतं. पण अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागचे ॲप मारून टाकतो, मग तुम्ही दर दहा मिनिटांनी आत-बाहेर करत राहता आणि खोलीतले वैतागतात. खरं काम लॅपटॉपवरच होतं.

टोपणनाव

इथे तुमची ओळख म्हणजे टोपणनाव, त्याला निक म्हणतात. लिबेरावर ते जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, रोमन लिपीतच, मध्ये जागा न सोडता. आकडा चालतो, पण सुरुवातीला नाही. पूर्ण नाव, जन्मसाल, कॉलेजचा रोल नंबर असलं काही त्यात घालू नका. हे नाव जगभरच्या लोकांच्या नोंदींमध्ये वर्षानुवर्षं राहतं. आपण उदाहरणापुरतं 'भडंग' घेऊ. सांगलीचं आहे, सुटसुटीत आहे आणि परदेशातल्या माणसाला टाइप करायलाही अवघड नाही. हे फार महत्त्वाचं, कारण तुम्हाला उत्तर देताना त्याला ते टाइप करावं लागतं.

हेक्सचॅट पहिल्यांदा उघडला की नेटवर्कची यादी येते आणि वर टोपणनावाचे तीन चौकोन. पहिलं नाव कोणी घेतलेलं असेल तर दुसरं, नाहीतर तिसरं, असा तो क्रम. त्यांच्याखाली 'युझर नेम' असा आणखी एक चौकोन असतो आणि लोक नेमके तिथे फसतात. हेक्सचॅट त्यात तुमच्या कॉम्प्युटरचं लॉगिन नाव परस्पर भरून ठेवतो. उबुंटू टाकताना तुम्ही तिथे आडनावासकट नाव दिलं असेल, तर ते तसंच्या तसं सगळ्यांना दिसतं. ते खोडून तिथेही 'भडंग' लिहा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'रिअल नेम' अशीही एक जागा असते. तिथेही खरं नाव द्यायची कसलीच सक्ती नाही.

जोडणी

यादीत लिबेरा चॅट शोधा. नसेल तर 'ॲड' दाबून नवी नोंद करा आणि पत्ता लिहा: आयआरसी डॉट लिबेरा डॉट चॅट. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ६६९७. हा पोर्ट एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा, जोडणीचा आहे. जुना पोर्ट ६६६७ अजून चालतो, पण त्यावरून जाणारं सगळं उघडं असतं, हॉस्टेलच्या सामाईक वायफायवर तर तो वापरूच नका. नेटवर्क निवडून 'एडिट' दाबलं की नेटवर्कच्या सगळ्या सर्व्हरसाठी एसएसएल (याच एन्क्रिप्शनचं नाव) वापरा अशा अर्थाची टिक दिसेल. ती लावलेली असू द्या.

'कनेक्ट' दाबल्यावर भराभर मजकूर वाहायला लागतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. सर्व्हर तुमचं नाव-गाव तपासतो, मग आपली नियमावली दाखवतो. मजकूर थांबला आणि पुढे काय करायचं असं विचारणारी छोटी खिडकी आली की जोडणी झाली. 'आत्ता काही नको, चॅनेल नंतर बघतो' हा पर्याय घ्या, कारण आधी नाव नोंदवायचंय.

नाव नोंदवणं

नोंदणी न करताही बऱ्याच खोल्यांत जाता येतं. पण स्पॅम टाळायला काही मोठ्या खोल्या नोंदणी नसलेल्याला आत घेत नाहीत, किंवा घेतात पण बोलू देत नाहीत. त्यामुळे ते एकदा उरकून टाकावं. नोंदणीचं काम निकसर्व्ह नावाचा यंत्रमानव, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, बघतो. स्पेलिंगमध्ये निक आणि सर्व्ह जोडून लिहायचं, सर्व्हच्या शेवटी 'ई' नाही.

सर्व्हरच्या टॅबमध्ये, म्हणजे कुठल्याही खोलीत नसताना, असं टाइप करा:

/एमएसजी निकसर्व्ह रजिस्टर तुमचा-पासवर्ड तुमचा-ईमेल

'एमएसजी' म्हणजे एम, एस, जी ही तीनच अक्षरं. पासवर्ड नवा ठेवा, मेलचा किंवा बँकेचा नको. थोड्या वेळात मेल येतो, त्यात पडताळणीची एक ओळ तयार असते. ती जशीच्या तशी कॉपी करून त्याच जागी चिकटवा. मेल दिसला नाही तर स्पॅमचा फोल्डर बघा. २४ तासांत ही पडताळणी झाली नाही तर नोंदणी रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

इथली एक चूक जगभर होते. ओळीच्या सुरुवातीला '/' च्या आधी चुकून एक रिकामी जागा पडली, की प्रोग्रामला ती आज्ञा वाटत नाही, साधा मजकूर वाटतो. तुम्ही त्या वेळी खोलीत असाल तर तुमचा पासवर्ड शेकडो लोकांसमोर छापला जातो. म्हणून हे काम नेहमी सर्व्हरच्या टॅबमध्येच करायचं. तरीही झालंच, तर लाजत बसू नका, ताबडतोब पासवर्ड बदला.

दर वेळी हाताने ओळख पटवायची नसेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लॉगिन मेथड' या ठिकाणी एसएएसएल, युझर नेम आणि पासवर्ड, असा पर्याय निवडा आणि खाली पासवर्ड भरून ठेवा. मग जोडणी होतानाच ओळख पटते. हे केलेलं फार बरं. नाहीतर प्रोग्राम आधी खोलीत घुसायला जातो, ओळख पटलेली नसते, खोली नाही म्हणते, आणि आपण उगाच नेटला शिव्या देतो.

खोलीत शिरणं

/जॉइन #उबुंटू

एवढंच. एका नव्या टॅबमध्ये खोली उघडते. वर एका ओळीत खोलीचा विषय लिहिलेला असतो, त्याला टॉपिक म्हणतात. ही ओळ वाचल्याशिवाय तोंड उघडू नका. कुठल्या आवृत्तीबद्दल विचारायचं, कुठल्याबद्दल नाही, लांब मजकूर कुठे चिकटवायचा, अवांतर गप्पांची खोली वेगळी कुठली, हे बहुतेक वेळा तिथेच असतं. उजवीकडे हजर लोकांची यादी दिसते. नावापुढे '@' असेल तर तो खोलीचा कारभारी. लिबेरावर मात्र कारभारी हे चिन्ह सहसा लावून बसत नाहीत, गरजेपुरतं लावतात. म्हणून यादीत '@' दिसला नाही तर इथे कोणाचं लक्ष नाही असं समजू नका.

मोठ्या खोलीत अमका आला, तमका गेला याच्याच ओळी धो धो वाहतात. हेक्सचॅटमध्ये खोलीच्या टॅबवर राइट क्लिक करून सेटिंगमध्ये हे निरोप लपवता येतात. बाहेर पडायला /पार्ट, सर्व्हरशी जोडणी तोडायला /क्विट, एखाद्याशी खाजगीत बोलायला /क्वेरी आणि त्याचं नाव. कोणी फारच डोकं खात असेल तर /इग्नोर आणि त्याचं नाव. रोजच्याला एवढ्या आज्ञा पुरतात.

प्रश्न विचारायची रीत

आपल्या भागात कोणी भेटलं की आधी "काय म्हणताय, झालं का जेवण?" होतं, मग पाऊस, मग ऊस तुटला का, आणि निघता निघता "तेवढं आमचं एक काम होतं" येतं. ही रीत वाईट नाही, पण आयआरसीवर ती अजिबात चालत नाही. तिथली माणसं दुसऱ्या कामात असतात, मध्येच एक नजर टाकतात. त्या नजरेत तुमचा पूर्ण प्रश्न दिसला तर उत्तर येतं. नुसतं 'हॅलो' दिसलं तर नजर पुढे जाते.

नव्या माणसाचं साधारण असं होतं:

भडंग: हॅलो सर
भडंग: एक प्रॉब्लेम आहे
भडंग: कोणी आहे का?
भडंग: वायफाय चालत नाही, प्लीज अर्जंट
भडंग बाहेर गेला.

आणि भडंग बाहेर गेल्यावर सहाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, "कुठली चिप आहे?" ऐकायला भडंग नसतो.

आता तोच माणूस, तीच अडचण, एकाच निरोपात:

भडंग: उबुंटू २४.०४, वायफायची चिप रिअलटेक आरटीएल८८२१सीई. इन्स्टॉल केल्यापासून सेटिंगमध्ये वायफायचा पर्यायच येत नाही. केबलने नेट चालतं. एलएसपीसीआयमध्ये कार्ड दिसतं. डीमेसेजचा मजकूर या लिंकवर ठेवलाय. पुढे काय तपासू?

(एलएसपीसीआय ही कॉम्प्युटरमधली कार्डं दाखवणारी आणि डीमेसेज ही सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा.) यात काय काय आहे बघा. सिस्टीम कुठली, यंत्र कुठलं, नेमकं काय होतंय, काय चालतंय, स्वतः काय बघितलं आणि आता काय हवंय. उत्तर देणाऱ्याला उलट विचारायला फार काही ठेवलेलं नाही. हे सगळं अर्थात इंग्रजीत लिहायचं. व्याकरण मोडकं असलं तरी कोणी हसत नाही, त्या खोलीतल्या कित्येकांची भाषा इंग्रजी नसतेच. पण चिपचा नंबर आणि एररचा संदेश अक्षर न् अक्षर बरोबर लागतो. 'काहीतरी एरर येतंय' यावर जगात कोणीच उत्तर देऊ शकत नाही.

'सर' म्हणू नका. मान द्यायची आपली सवय चांगली असली तरी पलीकडे कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ती एखादी बाईही असेल किंवा तुमच्यापेक्षा लहान पोरगाही असेल. नावाने हाक मारणं हाच तिथला आदर. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबली की पूर्ण नाव आपोआप येतं, आणि नाव आलं की त्या माणसाच्या स्क्रीनवर तुमची ओळ वेगळ्या रंगात उठून दिसते. एकाच वेळी तीन संभाषणं चालू असताना कोण कोणाशी बोलतंय हे कळायचा तेवढाच मार्ग आहे.

लांब मजकूर खोलीत ओतायचा नाही. टर्मिनलमधल्या चाळीस ओळी एकदम चिकटवल्या तर सर्व्हर तुम्हाला पूर आणला म्हणून बाहेर फेकतो, किंवा खोलीतला यंत्रमानव तुमचं तोंड बंद करतो. दोन-तीन ओळींपेक्षा जास्त काही असेल तर ते पेस्टबिनसारख्या साइटवर ठेवायचं आणि खोलीत फक्त लिंक द्यायची. ठेवायच्या आधी त्यात पासवर्ड, घरच्या वायफायचं नाव वगैरे गेलेलं नाही ना, हे डोळ्यांखालून घाला.

विचारून झालं की थांबा. पाच मिनिटं नव्हे, तास-दोन तास. खिडकी उघडी ठेवून दुसरं काम करा. दर दोन मिनिटांनी 'एनीवन?' लिहिणं म्हणजे हातचं उत्तर घालवणं. बराच वेळ गेला आणि खोलीत नवे लोक आले तर एकदा पुन्हा विचारायला हरकत नाही. न विचारता कोणालाही खाजगीत गाठू नका. उत्तर सगळ्यांसमोर झालं तर चुकलेलं कोणीतरी दुरुस्त करतं, हा खोलीचा खरा फायदा.

आणि अडचण सुटली तर काय केल्याने सुटली ते एका ओळीत लिहून आभार माना. एवढं करणारे थोडेच, आणि खोलीतल्यांच्या ते लक्षात राहतात.

याहू चॅटचा जमाना बघितलेल्यांना एक सूचना. नेट कॅफेत बसून "एएसएल प्लीज" म्हणत वय, बाई की पुरुष, गाव विचारायची सवय होती. याहूच्या त्या खोल्या २०१२ मध्येच बंद झाल्या. इथे ते विचाराल तर कारभारी हसत हसत बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल.

केव्हा बसायचं

सकाळी आठला प्रश्न टाकला आणि दुपारपर्यंत सामसूम, असं झालं तर त्यात अपमान वाटून घेऊ नका. पलीकडे रात्र आहे. आपल्याकडे साडेबारा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात जर्मनी-फ्रान्समध्ये सकाळचे नऊ होतात, हिवाळ्यात आपल्या दीड वाजता. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत युरोपही जागा असतो आणि अमेरिकाही. कॉलेज-नोकरीवाल्याला ही वेळ सोयीची, माझ्या मते हीच सगळ्यात चांगली.

मराठीत लिहिता येतं का

येतं. युनिकोड असल्याने देवनागरी मजकूर बिनधास्त जातो. टोपणनावं मात्र रोमनच लागतात, आणि खोलीचं नावही रोमनच ठेवा. पण एक खाच आहे. आयआरसीच्या १९९३ च्या नियमांनुसार एक निरोप सगळा मिळून ५१२ बाइटचा. त्यातच पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, खोलीचं नाव, सगळं आलं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. 'भडंग' देवनागरीत चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. रोमनमध्ये सात अक्षरं, सात बाइट. हिशेब केला तर मराठीत एका निरोपात सव्वाशे-दीडशे चिन्हंच मावतात. चांगले क्लायंट लांब निरोप आपोआप तोडून दोन करतात, साधे क्लायंट शेपूट कापून टाकतात. तेव्हा मराठीत वाक्यं छोटी ठेवा. टर्मिनलमधल्या क्लायंटमध्ये तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. तिथे रोमन मराठी किंवा इंग्रजी बरं.

लाइट गेली की

राउटर बंद पडतो, तुम्ही गायब होता, पण सर्व्हरला ते लगेच कळत नाही. तो अधूनमधून तुमच्या प्रोग्रामला 'आहेस का' म्हणून एक इशारा पाठवत असतो. उत्तर आलं नाही की काही मिनिटांनी तो तुम्हाला काढतो आणि खोलीत 'पिंग टाइमआउट' अशी ओळ दिसते. लाइट लवकर आली तर एक मजा होते. तुम्ही परत जोडायला जाता, पण तुमचं जुनं भूत अजून आतच असतं. सर्व्हर सांगतो की हे नाव वापरात आहे, आणि प्रोग्राम तुम्हाला दुसरंच नाव देतो. अशा वेळी:

/एमएसजी निकसर्व्ह रीगेन भडंग तुमचा-पासवर्ड

भूत बाहेर, नाव परत तुमच्याकडे. यासाठी तरी नोंदणी हवीच.

कधी एकदम पन्नास-शंभर लोक गेल्याच्या ओळी येतात आणि थोड्या वेळाने सगळे परत. त्याला नेटस्प्लिट म्हणतात, सर्व्हरांमधली आपसातली जोडणी तुटलेली असते. त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

तुम्ही बाहेर असताना खोलीत काय बोलणं झालं हे सर्व्हर राखून ठेवत नाही. हजर असताना झालेलं तरी जपायचं असेल तर हेक्सचॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये संभाषणाची नोंद डिस्कवर ठेवायचा पर्याय चालू करा. गैरहजेरीतलंही हवं असेल तर झेडएनसीसारखा बाउन्सर लागतो. हा प्रोग्राम कायम चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून तुमच्या नावाने हजेरी लावतो. घरी जुना रास्पबेरी पाय पडून असेल तर त्याला हे काम देता येईल, मात्र राउटरला इन्व्हर्टर हवा. सुरुवातीच्या माणसाने यात पडू नये.

जपून

कोणीतरी एक आज्ञा देईल आणि म्हणेल, ही चालव, सगळं नीट होईल. काय करते हे समजल्याशिवाय चालवू नका, विशेषतः 'सुडो' (सगळे हक्क देणारी) आणि 'आरएम' (फाइल पुसणारी) असलेली. चेष्टा म्हणून दुसऱ्याची डिस्क पुसायला लावणारे महाभाग आहेत. 'हे काय करतं?' असं खोलीत उघड विचारा, खोटं असेल तर दुसरा कोणीतरी ओरडतो. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल घेऊ नका. खोलीतलं बोलणं कोणीही साठवून ठेवू शकतं आणि काही खोल्यांच्या नोंदी उघडपणे नेटवर असतात, तेव्हा चव्हाट्यावर बोलायचं नाही ते तिथेही नको. तुमचा आयपी पत्ताही, म्हणजे तुमच्या नेट जोडणीचा क्रमांक, इतरांना दिसू शकतो. नोंदणी झाल्यावर तो झाकायची सोय असते, त्याला क्लोक म्हणतात. लिबेराच्या मदतीच्या खोलीत, म्हणजे #लिबेरा मध्ये, त्याबद्दल विचारा.

स्वतःची खोली

थोडं रुळलात की आपल्या मित्रांची एक खोली काढावीशी वाटते. लिबेरावर एक '#' असलेली नावं प्रकल्पांसाठी असतात. आपल्यासारख्या हौशी मंडळींनी दोन '##' वापरायचे. समजा, ##सांगली-लिनक्स. नसलेल्या खोलीला /जॉइन केलं की ती तयार होते आणि पहिले आलेले म्हणून कारभारी तुम्हीच. पण शेवटचा माणूस गेला की खोली मोडते आणि कारभारीपणही जातं. म्हणून खोल्यांचं काम बघणाऱ्या चॅनसर्व्ह या यंत्रमानवाकडे लगेच नोंदवा:

/एमएसजी चॅनसर्व्ह रजिस्टर ##सांगली-लिनक्स

मग /टॉपिक देऊन विषयाची ओळ लिहा, मराठीत लिहिली तरी चालेल. रिकाम्या खोलीत आलेला माणूस परत येत नाही, त्यामुळे 'केव्हाही या' असं सांगू नका. शनिवारी रात्री नऊ, अशी एक वेळ ठरवा आणि ती टॉपिकमध्येच लिहून टाका. चार जण नेमाने आले तरी खोली चालते. सुरुवातीलाच चॅनसर्व्हच्या फ्लॅग्ज या आज्ञेने आणखी एका भरवशाच्या माणसाला संस्थापकाचा हक्क, म्हणजे मोठा एफ, देऊन ठेवा. नाहीतर तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात, आयआरसी सुटलं, की मागे राहिलेल्यांना साधी टॉपिकची ओळ बदलायलाही लिबेराच्या लोकांकडे जाऊन विनंती करावी लागेल.